‘रन’ या एका शब्दाची अर्थपेटी कशी लावायची

इंग्रजी ‘रन’चा अर्थ विचारला की आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली असतात: पळणं आणि क्रिकेटमधली धाव. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात मात्र नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदलेले आहेत. घाबरायचं कारण नाही. त्यातले पुष्कळसे जुने तरी आहेत किंवा एखाद्या धंद्यापुरते तरी. वर्तमानपत्र, ऑफिसची मेल आणि स्पर्धा परीक्षेतला उतारा एवढ्यासाठी पन्नासेक अर्थ पुरतात. आणि ते पाठ करायचे नसतात, गोळा करायचे असतात.

सामान फारसं लागत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात तीन बाय पाच इंचांची कोरी कार्डं मिळतात. नाहीतर पाठकोरे कागद त्या मापाचे कापा. शिवाय बुटांचा एक रिकामा खोका. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेलं संस्कृत कोशाचं काम असंच चिठ्ठ्यांवर उभं आहे. दीड हजारांच्या आसपास ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या. एका चिठ्ठीवर शब्दाचा एकच वापर, तोही वाक्यासकट. आपण तेवढाच नियम उचलायचा.

कार्डाच्या वरच्या ओळीत वाक्य जसं सापडलं तसं पूर्ण लिहा. खाली कोण ‘रन’ होतंय आणि कशाला ‘रन’ करतंय ते. मग मराठीत तिथे सहज येणारं क्रियापद. शेवटच्या ओळीत ‘रन’च्या जागी बसणारा इंग्रजी शब्द, बसत नसेल तर सरळ फुली. वाक्याशिवाय कार्ड करू नका. महिन्याभराने ‘रन = चालवणे’ एवढंच वाचून काही आठवत नाही.

अर्थ ‘रन’मध्ये नसतो, त्याच्या आजूबाजूला असतो, म्हणून दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. नळ ‘रन’ होतो तेव्हा वाहतो, यंत्र ‘रन’ होतं तेव्हा चालतं, रस्ता ‘रन’ होतो तेव्हा जातो. नाटक पाचशे प्रयोग ‘रन’ झालं, तर आपण नाटकाचे पाचशे प्रयोग झाले म्हणतो. ‘द बस रन्स एव्हरी ट्वेंटी मिनिट्स’ इथे बातमीत पीएमपीच्या गाड्या ‘धावतात’ खऱ्या, पण स्टॉपवर कुणी विचारतं का, बस किती मिनिटांनी धावते? ‘दर वीस मिनिटांनी बस आहे.’ कार्डावर हेच लिहा.

शेवटची ओळ भरताना खरी मेहनत आहे. समानार्थी म्हणून कोशात मॅनेज, ऑपरेट, कंडक्ट हे एका रांगेत उभे असतात, पण त्यांची कामं वेगळी. यंत्र किंवा बससेवा असेल तर ‘ऑपरेट’ चालेल. परीक्षा, पाहणी, शिबिर असेल तर ‘कंडक्ट’. दुकान किंवा कंपनीला ‘मॅनेज’ लागतं, मात्र मालक स्वतः चालवतो की व्यवस्थापक, हा फरक ‘रन’ उघडा ठेवतो आणि ‘मॅनेज’ व्यवस्थापकाकडे झुकतो. सदाशिव पेठेत एखाद्या काकू मेस चालवतात, त्या ‘रन अ मेस’. तिथे ‘मॅनेज अ मेस’ लिहिलंत तर बाहेरचा वाचक समजेल की त्या गोंधळ निस्तरताहेत. ‘रन अ रिस्क’मध्ये बदली म्हणून ‘टेक’ बसतो, ‘रन अ टेंपरेचर’मध्ये ‘हॅव’. ते ‘चालवणं’ नव्हेच.

कधीकधी मराठीच फसवते. नवी सुती साडी धुतली आणि ‘रंग गेला’. पाण्यात उतरून शेजारच्या पांढऱ्या शर्टाला लागला असेल तर ‘रन’ किंवा ‘ब्लीड’. उन्हाने विटला असेल तर ‘फेड’; तिथे ‘रन’ चुकीचा. अशा कार्डावर मराठी क्रियापद एकाऐवजी दोन शब्दांत लिहावं: ‘उतरून लागणे’.

शेपटीचे शब्द, म्हणजे आउट, इन्टू, डाउन, ओव्हर, वेगळ्या रंगाच्या शाईने लिहा. ‘रन इन्टू’चीच तीन कार्डं होतात: गाडी खांबावर आदळली, एफसी रोडवर जुना मित्र अचानक भेटला, खर्च लाखांच्या घरात गेला. ‘रन डाउन’मध्ये बॅटरी उतरते, किंवा कुणाला गाडीने उडवलेलं असतं, किंवा कुणाची निंदा चाललेली असते. सर्वाधिक चुका ‘रन आउट’मध्ये होतात. दूध संपलं, हे दोन तऱ्हांनी सांगता येतं: ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ आणि ‘द मिल्क हॅज रन आउट’. पहिल्यात कर्ता आपण आणि ‘ऑफ’ हवाच. दुसऱ्यात कर्ता दूध आणि ‘ऑफ’ नको. ‘मिल्क इज रन आउट’ असं ऐकू येतं, त्यात समालोचनाचा हात असावा. तिथे ‘ही वॉज रन आउट’ बरोबरच आहे, कारण क्षेत्ररक्षक फलंदाजाला बाद करतो. दुधाला कुणी धावबाद करत नाही.

‘चालू’चं सरळ ‘रनिंग’ करण्याची सवयही सोडावी लागेल. चालू वर्ष म्हणजे ‘करंट इयर’, चालू खातं ‘करंट अकाउंट’. मुलीला पंचविसावं चालू आहे, म्हणून ‘शी इज रनिंग ट्वेंटी फाइव्ह’ लिहिलं तर भारताबाहेर कळत नाही. वाहत्या नाकालाही ‘रनी नोज’ हा रुळलेला शब्द. उशीर होत असेल तेव्हा ‘रनिंग लेट’ मात्र चोख.

निवडणुकीचं कार्ड करताना देश लिहून ठेवा. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’, आपली इंग्रजी वर्तमानपत्रं बहुधा ‘कॉन्टेस्ट’ वापरतात. रूपं रन, रॅन, रन. ‘हॅज रॅन’ कुठेही नाही.

नाम म्हणून येणारा ‘रन’ थोडक्यात उरकता येतो. ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती, ‘ट्रायल रन’ म्हणजे चाचणी, ‘बँक रन’ म्हणजे ठेवी काढायला एकदम उसळलेली गर्दी.

खोक्यात कार्डं इंग्रजी वर्णक्रमाने नव्हे, तर मराठी क्रियापदांनी लावा: चालणे, चालवणे, वाहणे, जाणे, संपणे, भेटणे. लिहिताना डोक्यात मराठी क्रियापद आधी येतं, त्यामुळे हात थेट त्या गठ्ठ्याकडे जातो. ज्या कार्डाला गठ्ठा सापडत नाही ते मागे ठेवा, ओढूनताणून बसवू नका. त्याच तऱ्हेची आणखी दोन वाक्यं मिळाली की त्याचा वेगळा गठ्ठा करा.