साठीनंतर स्कूबा : दम सांभाळून कसं उतरावं

मालवणला असो की अंदमानला, साठीनंतर स्कूबा करताना खोलीपेक्षा दमाची काळजी आधी घ्यावी. पाण्यात शिरताच हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर भार येतो. तरुणाला ते जाणवतही नाही. रक्तदाब असलेल्याच्या फुप्फुसांत मात्र पाणी साठू शकतं. फार श्रम नसताना धाप, खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी ही त्याची खूण. असं झालं की डाइव्ह तिथंच संपवा, इन्स्ट्रक्टरला खूण करून शांतपणे वर या, पाण्याबाहेर निघा आणि ऑक्सिजन मागा. ‘थोडं थांबून बघू’ म्हणू नका.

निघण्याआधी डॉक्टरांना ‘स्कूबा करायचं आहे’ असं स्पष्ट सांगा. ट्रेडमिल टेस्टबद्दल विचारा. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉलसारख्या गोळ्यांमुळे नाडी हवी तेवढी वाढत नाही आणि दम लवकर लागतो. पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. पेसमेकर असेल तर तो किती दाब सोसतो ते विचारा. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो.

काढता येणारी कवळी बोटीवरच ठेवा. कान पहिल्या अर्ध्या मीटरपासूनच मोकळे करायला लागा : नाक चिमटून हलकेच फुंकर. दुखलं की मीटरभर वर या; जोर लावाल तर पडद्याला इजा होईल.

सगळ्यात दमवते ती परतीची शिडी. भरलेला सिलिंडर साधारण 17 किलोचा, त्यात बोट हलत असते. म्हणून आधीच सांगून ठेवा की सामान पाण्यातच उतरवणार. जॅकेट (सिलिंडर अडकवलेलं, हवा भरून तरंगवणारं) फुगवा, दोर धरा. पहिल्यांदा वजनाचा पट्टा वर द्या. तो कमरेला राहिला आणि जॅकेट निघालं तर खाली ओढला जाल. मग जॅकेट. फिन्स (पायातले पोहण्याचे पंख) सगळ्यात शेवटी, एका हाताने शिडी घट्ट धरूनच, कारण फिन्सशिवाय प्रवाहाला तोंड देता येत नाही.

वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको. 5 मीटरवर 3 मिनिटं थांबा. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून विमान पकडायचं असेल तर मध्ये 18 तास ठेवा; डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. घाटालाही हाच विचार लागू : आंबोली सुमारे 700 मीटर उंचीवर आहे, तेव्हा डाइव्ह करून लगेच कोल्हापूरकडे निघण्याऐवजी ती रात्र किनाऱ्यावरच काढा.