फटाक्यांच्या खोक्यावरचा मजकूर : या चुका टाळा

मराठवाड्यात शोभेच्या दारूचा विषय निघाला की धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेड्याचे नाव आधी येते. त्या परिसरातील लहान कारखान्यांची लेबले तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. पोळा सरला की मला फोन येऊ लागतात : "सर, वेष्टणे छापून आली आहेत, एकदा नजर टाका." छापून आल्यावर नजर टाकायला सांगणे म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका दाखवण्यासारखे आहे. तरीही मी पाहतो, आणि बहुधा त्याच त्या चुका निघतात.

पहिली चूक मजकुरातली नसून क्रमातली आहे. नवा माणूस मिश्रण ठरण्याआधीच वेष्टणांची ऑर्डर देऊन बसतो. शिवकाशीला फटाक्यांबरोबर छपाईचाही मोठा धंदा असल्यामुळे वेष्टणे तिकडून मागवली जातात, आणि जास्त नग घेतले तर दर उतरतो म्हणून दोन-तीन हंगामांचा साठा एकदम उचलला जातो. खोक्यावर रासायनिक घटकांचा तपशील द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या निकालातच सांगितले आहे. पुढे 2018 मध्ये फटाक्यांतील बेरियमच्या क्षारांवर बंदी आली आणि 2021 मध्ये न्यायालयाने ती पुन्हा ठणकावून सांगितली. तरीही घटकांच्या यादीत बेरियम नायट्रेट छापलेली जुनी वेष्टणे अजून कोणाच्या तरी माळ्यावरून खाली येतात, आणि त्या ओळीवर काळ्या पेनाने रेघ मारून ती वापरायची काय, असे मला विचारले जाते. मिश्रण खरोखर बदललेले असेल तर लेबल खोटे ठरते आणि बदललेले नसेल तर माल बेकायदा ठरतो. रेघ मारल्याने दोन्हींपैकी काहीच सुधारत नाही. मी अशी वेष्टणे माझ्यासमोर फाडायला लावतो. मिश्रण वहीत लिहून कायम झाल्याशिवाय मी मजकुराला हातच लावत नाही, मग मालकाला कितीही घाई असो.

दुसरी चूक बॅच क्रमांकाची आहे आणि तिच्यावर मी थोडे जास्त बोलणार आहे, कारण ती मला स्वतःला भोवली आहे. स्फोटके नियम, 2008 नुसार बाहेरच्या खोक्यावर स्फोटके हा शब्द, मालाचे अधिकृत नाव, वर्ग व विभाग, उत्पादकाचे नाव, निव्वळ व एकूण वजन, उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक हे सारे पुसता न येणाऱ्या अक्षरांत हवे असते. पुसता न येणाऱ्या, हे शब्द लोक वाचतात आणि विसरतात. मीही एका वर्षी विसरलो होतो. एका कारखान्याच्या भुईनळ्यांचे आतले डबे गुळगुळीत लॅमिनेशनचे होते, आणि त्यांच्यावर तारीख-बॅचचा रबरी शिक्का जांभळ्या शाईने मारला जात होता. मी तो मजकूर पाहिला, त्यात सगळे काही होते, म्हणून मी होकार दिला. लक्ष्मीपूजनाला तीन दिवस उरलेले असताना लातूर जिल्ह्यातील एका दुकानदाराचा मालकाला फोन आला, की दोन भुईनळे फुलण्याऐवजी बॉम्बसारखे फुटले आहेत. कोणाला इजा झाली नव्हती. मालकाने शहाणपणाने पहिला प्रश्न बॅच क्रमांकाचाच विचारला. पलीकडून उत्तर आले, "शेठ, इथे नुसता जांभळा डाग आहे." मोठे खोके कधीच फेकून दिलेले होते.

त्या हंगामात भुईनळ्यांच्या पाच बॅचेस झाल्या होत्या. नेमकी कोणती बिघडली हे कळायला मार्ग नसल्यामुळे पाचही परत मागवाव्या लागल्या आणि दिवाळी गेल्यावर त्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही. नंतर भरणीची वही चाळली तेव्हा एका दिवशी नव्या मजुराने नळ्यांत दारू सैल भरल्याचे दिसून आले. म्हणजे चार बॅचेस निष्कारण घरी आल्या होत्या.

तेव्हापासून मी वेष्टणावर दोन बोटे रुंदीची, लॅमिनेशन आणि वार्निश दोन्ही नसलेली पांढरी खिडकी सोडायला लावतो आणि शिक्का तिथेच मारायला सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओला अंगठा त्यावरून जोरात फिरवायचा; अक्षर हलले तर शाई बदलायची. बॅच क्रमांकात मिश्रणाची तारीख आणि भरणीच्या खोलीचा क्रमांक असावा, शिक्का एकाच माणसाच्या ताब्यात राहावा आणि दिवसाचे पहिले शिक्का मारलेले वेष्टण वहीत चिकटवावे. हे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही, ही माझी सवय आहे. वेळ वाचवण्यासाठी सोमवारीच आठवड्याभराच्या रिकाम्या वेष्टणांवर शिक्के मारून ठेवणाऱ्यांशी मात्र मी वाद घालणे सोडून दिले आहे, कारण त्यांचा बॅच क्रमांक ही निव्वळ कल्पना असते.

तिसरी चूक शिकलेली मुले करतात. परदेशी खोक्यावर 1.4जी लिहिलेले पाहून ती वर्गाच्या रकान्यात 1 टाकतात. 1.4जी ही संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूक पद्धतीतील खूण आहे. तिथे सगळीच स्फोटके वर्ग 1 मध्ये येतात आणि त्या गटातील फटाक्यांना 0336 हा क्रमांक असतो. आपल्या नियमांत फटाके वर्ग 7 मध्ये आहेत, तयार फटाके त्यातील विभाग 2 मध्ये, आणि वर्ग 1 म्हणजे बंदुकीची दारू. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला तुमच्या खोक्यात भुईचक्रांऐवजी बंदुकीची दारू आहे असे लेबलच सांगत असेल, तर त्याच्या रागाला मी दोष देणार नाही. दोन्ही खुणा लिहायच्या असतील तर वेगळ्या ओळींत, पद्धतीच्या नावासह लिहाव्यात.

आवाजाच्या आकड्याचेही असेच होते. फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल (एआय) किंवा 145 डेसिबल (सी) पीक ही 1999 साली घातलेली कमाल मर्यादा आहे (एआय आणि सी पीक या आवाज मोजण्याच्या दोन पद्धती). ती तुमच्या बॉम्बची मोजणी नव्हे. सगळ्या मालावर 125 छापणारा माणूस काहीच मोजत नाही, हे लगेच कळते. चाचणीला किमान 5 मीटर व्यासाची कठीण काँक्रीटची जागा लागते आणि 15 मीटरपर्यंत आवाज परतवणारी भिंत चालत नाही. एकाने काळ्या रानातल्या ढेकळांवर बॉम्ब फोडून आलेला आकडा मला मोठ्या अभिमानाने दाखवला होता.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच्या हरित फटाक्यांच्या खोक्यावरील क्यूआर कोड उचलून छापू नये. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची मान्यता ज्याची त्यालाच असते. वाढीव किमतीची चिकटपट्टी छापील एमआरपीवर लावू नये. नगांची संख्या आणि वजन यांची गल्लत करू नये. "आमचा तर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा 15 किलोचा परवाना आहे, आम्हाला एवढे कशाला" हे लहान उत्पादकांचे वाक्य माझ्यासमोर उच्चारू नये.

आणि चित्र तपासावे. "हातात धरू नका" या ओळीच्या शेजारीच भुईनळा हातात धरून हसणारे मूल छापलेले खोके मी पाहिले आहे, आणि ज्याला वाचता येत नाही तो चित्रच पाहतो. सूचना इंग्रजीत असून भागत नाही. गावाकडच्या गिऱ्हाइकासाठी मराठी हवी. "वात विझली तर पुन्हा जवळ जाऊ नका" ही ओळ मी खोक्यावर तर घालतोच, शिवाय प्रत्येक नळ्याच्या वेष्टणावर वातीच्या बाजूला छापायला लावतो, कारण पेटवायच्या वेळी खोके घरात राहिलेले असते आणि अंगणात मुलाच्या हातात फक्त नळा असतो.