मोठ्या संख्येचे वर्गीकरण करताना या चुका टाळा

मोठ्या पूर्ण संख्येला विभाजक किती, ती न्यून की विपुल (म्हणजे ती स्वतः वगळून तिच्या विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा कमी की जास्त), हे सारे तिच्या मूळ अवयवांवरून ठरते आणि उतावळे विद्यार्थी नेमके तेच काम अर्धवट सोडतात. सरावासाठी मी मुंबईचे पिनकोड देतो, कारण ते सर्वांना पाठ असतात आणि त्यांचे अवयव कोणत्याही गाइडमध्ये छापलेले नसतात.

दादर पश्चिमेचा ४०००२८ घ्या. एका चुणचुणीत मुलाने त्याचे ४ × १००००७ असे अवयव पाडले, १००००७ ला ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले आणि भाग जाईना म्हणताच ती मूळ संख्या असल्याचे जाहीर केले. त्यावरून त्याने विभाजक ६ काढले, संख्या स्वतः वगळून त्यांची बेरीज ३०००२८ केली आणि ती संख्येपेक्षा कमी भरते म्हणून 'न्यून' असा शेरा दिला. वास्तविक १००००७ म्हणजे ९७ × १०३१. विभाजक १२ आहेत आणि बेरीज ३०७९२४ आहे. दुर्दैवाने शेरा तरीही बरोबरच ठरला आणि उत्तर जुळले म्हणजे रीतही बरोबर, असा वाद तो तास संपेपर्यंत घालत राहिला. १००००७ चे वर्गमूळ ३१६ च्या किंचित पुढे आहे, त्यामुळे लहान अवयव सापडत नसेल तर ३१३ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या लावून पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. मी पानाच्या डोक्यावर आधी वर्गमूळ लिहितो आणि तपासलेली प्रत्येक मूळ संख्या खोडत जातो. हे कंटाळवाणे आहे, पण 'शेवटी १ आहे, म्हणजे मूळ असणार' म्हणणाऱ्यांना फोर्टचा ४००००१ सातच्या पाढ्यातच अडवतो: ७ × ५७१४३.

मोठी सम संख्या विपुलच असते, हा ठोकताळाही ४०००२८ ने मोडतो. रुळांपलीकडचा, दादर पूर्वेचा ४०००१४ मात्र खरोखर विपुल आहे. त्याचे अवयव २ × ३² × ७१ × ३१३ असून प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजक २४ येतात. तीनचा वर्ग विसरून १६ सांगणारे दरवर्षी भेटतात.

१ ही मूळ संख्या नाही.

सोळा वेळा १ लिहून होणारी संख्या एक्सेलमध्ये टाकणाऱ्यांची तक्रार वेगळीच असते. तेथे पहिले १५ अंकच टिकतात, सोळाव्याच्या जागी शून्य येते आणि विषम संख्येला २ व ५ हे अवयव सापडल्याचा आनंद साजरा होतो. इतक्या मोठ्या संख्यांसाठी मी पायथॉन वापरतो. ही विशिष्ट संख्या तर कागदावरही ११ ने सहज भागली जाते.

२ च्या एखाद्या घाताला त्या घातांकापेक्षा १ ने मोठ्या विषम मूळ संख्येने भागले की बाकी नेहमी १ उरते; २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागल्यासही बाकी १ उरते. एवढ्यावरून ३४१ ला मूळ म्हणू नये, ती ११ × ३१ आहे.

देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या नावावरचा घोळ तर नित्याचा. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक आहे (तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी केली की पुन्हा तीच येते: ७६४१ − १४६७ = ६१७४), कापरेकर संख्या नव्हे; तशी संख्या ४५ आहे, कारण ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. ६१७४ ला दुसरे विशेषण लावायचेच असेल तर हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाणारी, म्हणावे, कारण तिच्या अंकांची बेरीज १८ आहे आणि १८ × ३४३ = ६१७४.