लक्ष्मी खाली आली, घर उजळलं

आमच्या वडोदऱ्याच्या घरात राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीची जुनी छापील तसबीर सोफ्याच्या वर, पार छताला टेकलेली. बघायला मान मोडायची. खाली घ्यावी तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, देवीला पाठ टेकून बसणार का लोक?" खरंच होतं ते.

म्हणून समोरची मोकळी भिंत धरली. कलादालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, उभ्या माणसाच्या नजरेसमोर. खिळ्याचं गणित असं: ५७ मध्ये फ्रेमची अर्धी उंची मिळवायची आणि मागची तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तेवढं वजा करायचं. आमची फ्रेम २४ इंच, तार ३ इंच खाली; खिळा ६६ वर. ड्रिलवाल्याला बोलवायच्या आधी फ्रेमच्या मापाचा पेपर कापून भिंतीला चिकटवून ठेवला. येता-जाता सगळ्यांनी मतं दिलीच!

खाली संखेड्याचं (गुजरातमधलं लाखेच्या रंगीत लाकडी फर्निचरसाठी प्रसिद्ध गाव) स्टूल, त्यावर एका बाजूला उंच समई, दुसऱ्या बाजूला बुटका पितळी तांब्या. आधी दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या वस्तू ठेवल्या होत्या, तेव्हा दुकानाच्या काउंटरसारखं दिसत होतं. स्टुलाच्या लाखेचा मरून आणि सोनेरी रंग लक्ष्मीच्या लालसर साडीशी असा जुळला की वेगळं काही आणावंच लागलं नाही. फक्त सोफ्यावर बांधणीची एक मरून उशी टाकली.

सोफ्यावरच्या रिकाम्या जागी आता निसर्गचित्र आहे, पाठीपासून ८ इंच वर. त्याला टेकायला सासूबाईंची हरकत नाही.