जुन्या फोर्ड रेंजरचे पुढचे सस्पेन्शन उचलताना

१९८३ ते १९९७ या मॉडेल-वर्षांतील टू-व्हील-ड्राइव्ह फोर्ड रेंजर पिकअपची पुढची बाजू दोनेक इंचांनी उचलणे हे घरच्या गॅरेजमध्ये करता येण्यासारखे काम आहे. त्यात उंची वाढवणे सोपे असते. त्यामुळे बिघडलेला कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा उभा कल, पुन्हा ताळ्यावर आणायलाच खरे कष्ट पडतात. १९९८ पासून या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची रचनाच बदलली, त्यामुळे त्यापुढच्या गाड्यांना येथील कृती लागू पडत नाही.

या जुन्या रेंजरला पुढे ट्विन आय-बीम सस्पेन्शन आहे. उजव्या चाकाचा बीम चासीच्या डाव्या बाजूला आणि डाव्या चाकाचा उजव्या बाजूला बुशात (रबरी सांध्यात) अडकवलेला असतो, आणि प्रत्येक बीमला पुढे-मागे सरकू न देण्याचे काम मागे चासीपर्यंत गेलेला रेडियस आर्म करतो. गाडी उचलली की बीमचे चाकाकडचे टोक चासीच्या मानाने खाली जाते आणि चाकाचा माथा बाहेर कलतो. बीमच्या बुशापासून चाकापर्यंतचे अंतर ९० सेंटिमीटर धरले, तर दर इंचाला हा कल सुमारे १.६ अंशांनी वाढतो, म्हणजे दोन इंचांना तीन अंशांहून अधिक. एवढ्यावर गाडी तशीच चालवल्यास टायरची बाहेरची कड लवकर झिजते. वरच्या बॉल जॉइंटपाशी (चाक वळू देणाऱ्या गोलाकार सांध्यापाशी) बसणारे कॅम्बर बुश बदलून थोडी दुरुस्ती होते. त्याहून जास्त उंची हवी असेल, तर बीमचे बुश खाली आणणारे ड्रॉप ब्रॅकेट बसवणे हाच सरळ मार्ग आहे. रेडियस आर्म मागे जिथे होता तिथेच राहिल्यास कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे झुकलेला कल, तोही कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावर हलके, भरकटल्यासारखे वाटू लागते. त्यासाठी आर्मचा मागचा ब्रॅकेटही तेवढ्या हिशेबाने खाली घ्यावा लागतो.

उंचीसाठी लांब कॉइल स्प्रिंग घ्यावी किंवा मूळ स्प्रिंगला स्पेसर द्यावा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत पिळून बसवायचे रबरी किंवा धातूचे ठोकळे स्वस्त मिळतात, पण ती वेटोळी निकामी करून एकाच जागी ताण आणणारी ती युक्ती मला मुळीच पटत नाही. स्प्रिंग बीमच्या अगदी टोकाला नसून थोडी आत बसते, त्यामुळे एक इंचाच्या स्पेसरने चाकापाशी एक इंचाहून अधिक उंची मिळते, हे मागवतानाच ध्यानात ठेवावे.

काम सुरू करण्यापूर्वी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवावे. रेडियस आर्मचे आणि बीमचे बुश याच वेळी तपासावेत. ब्रेक दाबताच खालून ‘ठक्’ असा आवाज येत असेल, तर रेडियस आर्मच्या बुशांवर पहिला संशय घ्यावा.

मागच्या चाकांना अडसर लावून, पुढच्या चाकांचे नट सैल करून गाडी उचलावी आणि स्टँड बीमखाली न देता चासीखाली द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. चाक काढल्यावर बीमखाली जॅकचा आधार ठेवून शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे खालचे टोक सोडावे. अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा कल कमी करणारा दांडा) असल्यास त्याची लिंकही सोडावी. ब्रेक कॅलिपर काढून तारेने चासीला टांगावा. तो ब्रेकच्या होजवर (लवचीक नळीवर) लोंबकळत राहता कामा नये. स्प्रिंगच्या आत, तळाशी, तिला पकडून ठेवणाऱ्या पट्टीचा मोठा नट असतो. वर्षानुवर्षांच्या मिठाच्या रस्त्यांवर तो गंजून बसलेला असतो, म्हणून आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी लांब एक्स्टेन्शन लावून तो फिरवावा. मग जॅक सावकाश खाली घ्यावा. बीम पुरता उतरला की स्प्रिंग ढिली पडते आणि खालच्या बोल्टवरून उचलून बाहेर काढता येते. नवी स्प्रिंग बसवताना तिचे टोक खाचेत नीट बसले आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे, मगच नट आवळावा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनाच ठेवला आणि बीम लोंबकळताना तोच आधी ताणला जात असेल, तर तो आखूड पडतो आहे, लांब घ्यावा.

चाक चढवण्यापूर्वी बीम पूर्ण खाली असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि ब्रेकचा होज कुठे ताणतो का, टायरच्या वाटेत येतो का, हे डोळ्यांनी पाहावे. चाकाचे नट सुमारे १३५ न्यूटन मीटरला, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

गाडी खाली उतरवल्याबरोबर चाके व्ही आकारात उभी दिसली, तर लगेच घाबरून जाऊ नये. या सस्पेन्शनमध्ये टायर जमिनीला घट्ट धरून राहतात आणि बीमला आपल्या जागी येऊ देत नाहीत; गाडी दहा-वीस फूट पुढे-मागे फिरवल्यावरच खरी उंची आणि खरा कल दिसतो. त्यानंतर आधीची मोजमापे पुन्हा घ्यावीत. स्टिअरिंगच्या रॉडचा कोन बदललेला असल्याने टो-इन (वरून पाहता पुढच्या चाकांचा आत वळलेला कोन) हमखास बिघडलेले असते, म्हणून गाडी थेट चाकांच्या अलाइनमेंटला न्यावी आणि कॅम्बर बुशाचा अंश तिथल्या मोजमापावरूनच ठरवावा. परतल्यावर हेडलाइटचा झोत खाली करून घ्यावा आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर सगळे बोल्ट एकदा पुन्हा तपासावेत.