ठाण्यात राहून कॅराबिड भुंगेऱ्यांवर काम करायचंय?

कॅराबिड म्हणजे जमिनीवर पळणाऱ्या, बहुतांशी शिकारी भुंगेऱ्यांचं कुळ. जगभरात त्यांच्या सुमारे 40,000 प्रजाती. त्यामुळे एम.एस्सी.ला ‘ठाणे जिल्ह्यातले कॅराबिड’ असा भलामोठा विषय घेऊन कुणी आलं, की मी आधी त्याला कात्री लावायला सांगते. एखादा जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, घ्या, नाहीतर सरळ एकच प्रजाती. तिचं नाव आणि तिचा आढळ, एवढ्यात वर्ष कधी संपतं कळत नाही.

ओळख पायांपासून सुरू करा. कॅराबिडच्या सहाही पावलांना पाच-पाच खंड असतात. त्यांच्यासारखेच काळे दिसणारे टेनेब्रिओनिड भुंगेरे नवख्यांना हमखास चकवतात, पण त्यांच्या मागच्या पावलांना चारच खंड. साध्या भिंगातून हे दिसतं. पुढे प्रजातीपर्यंत जायचं तर बहुतेकदा नराचं जननेंद्रिय काढून बघावं लागतं. ते हातात सुई धरूनच शिकायचं, व्हिडिओ पाहून नाही. हुंगायलाही लाजू नका. क्लीनियस जीनसमधला भुंगेरा बोटात धरलात की काळ्या फिनाइलचा वास येतो, आणि तो हात धुतल्यावरही बराच वेळ जात नाही.

उदाहरणाला अँथिया सेक्सगुटाटा घेऊ. सुमारे चार सेंटिमीटर लांब, काळाभोर, पांढऱ्या ठिपक्यांचा. याला उडता येत नाही, चिडला तर फॉर्मिक आम्ल फवारतो, तेव्हा तोंड जवळ नेऊ नका. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये त्याला कॅराबस या जीनसमध्ये टाकलं होतं. पुढे 1801 मध्ये वेबरने अँथिया हा जीनस केला आणि ही प्रजाती तिकडे गेली. म्हणून आज नावापुढे फॅब्रिशियस आणि साल कंसात लिहितात. प्रबंधात हा कंस गाळलात तर परीक्षक तिथेच पेन टेकवतात.

खरी मेहनत आढळाच्या नकाशात आहे. दक्षिण भारतात थेरिया नावाचं एक ठिपकेदार झुरळ आहे. ते या भुंगेऱ्याची नक्कल करतं असं मानलं जातं, आणि घाईत काढलेल्या मोबाइलच्या फोटोत दोघांची सहज गल्लत होते. पंख बघा: भुंगेऱ्याचे वरचे कडक पंख पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिळतात, झुरळाचा एक पंख दुसऱ्यावर चढलेला असतो. ऑनलाइन नोंदी घेताना प्रत्येक फोटो स्वतः उघडून पाहा. न उडणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत एक चुकीचा ठिपका नकाशाचा अर्थच बदलून टाकतो.

जुन्या लेबलांचा ताप वेगळा. ‘बॉम्बे’ म्हणजे शहर की इलाखा? इलाख्यात तर 1936 पर्यंत सिंधसुद्धा होता. आपल्याकडचंच बघा ना, 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचा ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे जव्हार किंवा डहाणूही असू शकतं. तुमच्या लेबलवर गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, कशात सापडला आणि कुणी पकडला, सगळं त्याच दिवशी लिहा.

फील्डसाठी येऊरकडे धावायची घाई नको. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथला एक किडाही उचलता येत नाही, आणि परवानगीला वेळ लागतो. अर्ज करून ठेवा, तोवर कुणाच्या तरी शेतात, कॉलेजच्या आवारात, सोसायटीच्या बागेत मालकाला विचारून सुरुवात करा. वन्यजीव संरक्षण कायद्याची अनुसूची 2022 च्या दुरुस्तीत बदलली आहे, ताजी यादी पाहूनच पकडा. सापळा म्हणजे काठापर्यंत जमिनीत पुरलेला प्लास्टिकचा ग्लास, आत मिठाचं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे किडा पृष्ठभागावर तरंगत राहत नाही. आपल्या पावसात वर छप्पर हवंच. काड्यांवर एखादी ताटली चालते. आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सकाळी ग्लास कचऱ्यात टाकून मोकळा होतो.

वाचनासाठी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले अँड्र्यूज यांचे 1929 आणि 1935 चे खंड इंटरनेटवर मिळतात. त्यांत सगळे गट आलेले नाहीत, नावंही बरीच बदललीत. त्यांतली ओळखतालिका (‘की’) वापरा, नाव मात्र नव्या कॅटलॉगमध्ये तपासून घ्या. नमुने ताडून पाहायला मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी), पुण्याजवळ आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र. जाण्याआधी ईमेल करा आणि नेमका कोणता जीनस बघायचाय ते लिहा. ‘कलेक्शन बघायचंय’ एवढ्या मोघम ईमेलला उत्तर येईल अशी आशा धरू नका.

पोटापाण्याचं म्हणाल तर सीएसआयआर-नेटची लाइफ सायन्सेस परीक्षा दुसऱ्या वर्षातच द्या. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून सुरुवातीला महिना 37,000 आणि वर घरभाडं. नुसत्या वर्गीकरणाच्या जागा थोड्याच निघतात, म्हणून जोडीला जीआयएस (संगणकावर नकाशे करणं) किंवा डीएनए बारकोडिंग (डीएनएवरून प्रजाती ओळखणं) शिकून घ्या. पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या कन्सल्टन्सीत कीटक ओळखणारा माणूस लागतो, फक्त पगार आणि रिपोर्टवर कुणाचं नाव जाणार, हे दोन्ही रुजू होण्याआधी कागदावर घ्या.