टर्बो एसयूव्हीचा खरा पिकअप कसा मोजायचा

शून्य ते शंभरचा आकडा माहितीपत्रकात झकास दिसतो, पण घरची गाडी सिग्नलवरून तशी कुणी सोडत नाही. शिवाय काही चाचण्यांत गाडी पहिला एक फूट सरकल्यावरच घड्याळ सुरू होतं आणि तेवढ्यातच सुमारे ०.३ सेकंद वाचतात. रोजच्या वापरात कामाला येतो तो चालत्या गाडीचा पिकअप: ताशी ४० ते ८० किलोमीटर, ६० ते १००, आणि ट्रॅक मिळाला तर ८० ते १२०. हे तीन आकडे एकदा एकट्याने आणि एकदा माणसं-सामान भरून घ्या.

आधी तयारी. टायरची हवा गाडी थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टाकीतलं इंधन प्रत्येक वेळी साधारण सारखं ठेवा. इंजिन १५-२० मिनिटं चालवून गरम करा. कूलंटचा काटा जागेवर आला तरी तेल तापायला आणखी वेळ लागतो. एसी दोन्ही वेळा चालू किंवा दोन्ही वेळा बंद, मध्येच बदल नको.

वेळ स्पीडोमीटर बघून घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, म्हणून कंपन्या तो थोडा जास्तच दाखवेल असा लावतात. काटा १०० वर असताना गाडी प्रत्यक्षात ९५-९६ वर असणं नेहमीचं. मोबाइलचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच वेग देतो, त्यामुळे ६ सेकंदांच्या मोजणीत अर्ध्या-पाऊण सेकंदाची चूक सहज होते. सेकंदाला १० वेळा नोंद घेणारं छोटं जीपीएस यंत्र मिळालं तर उत्तम. नाहीतर मोबाइलवर पाच-सहा फेऱ्या करा आणि मधला आकडा धरा.

जागा सरळ, मोकळी आणि तो वेग कायद्यात बसणारी हवी. दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढा. डोळ्याला सपाट वाटणाऱ्या रस्त्यालाही १ टक्का उतार असू शकतो. १६०० किलोच्या गाडीवर तो सुमारे १५७ न्यूटनचा जोर लावतो. शून्य ते शंभर १० सेकंदांत करणाऱ्या गाडीला हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतो, पण ८० ते १२० ला ८ सेकंद घेणाऱ्या गाडीत तोच ७ टक्क्यांवर जातो. चालत्या गाडीची चाचणी एकाच दिशेने केली की आकडे फसवतात ते यामुळेच.

आता लॅगची, म्हणजे पाय दाबल्यापासून टर्बोचा (इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) जोर येईपर्यंतच्या उशिराची चाचणी. टर्बो गाडीची खरी ओळख इथेच पटते. समजा इंजिन १.५ लिटरचं पेट्रोल आहे आणि कागदावर १६०० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लिहिलाय. त्या टॉर्कचा आलेख अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबून, टर्बो पूर्ण वेग घेईपर्यंत थांबून काढलेला असतो. रस्त्यावर मात्र तुम्ही हलक्या पायाने १६०० वर चाललेले असता, टर्बो निवांत फिरत असतो. पाय दाबल्याच्या पहिल्या क्षणी इंजिन साध्या १.५ लिटरसारखंच, म्हणजे १३०-१४० न्यूटन-मीटरच देतं. बाकीचा जोर टर्बाइन फिरू लागल्यावर येतो. हाताने गिअर बदलायच्या गाडीत चौथ्या गिअरला १५०० आरपीएमवर स्थिर चाला, पाय एका झटक्यात पूर्ण दाबा आणि गाडी मनापासून खेचू लागेपर्यंतचा वेळ मोजा. हेच २००० आणि २५०० वर करा. कुठल्या आरपीएमला हा वेळ एकदम घटतो ते लक्षात ठेवा: ओव्हरटेकला गाडी नेहमी त्याच्या वर ठेवायची. १५०० च्या खाली मोठ्या गिअरमध्ये पूर्ण पाय देणं मात्र टाळा. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलमध्ये तिथे मिश्रण ठिणगीआधीच पेटून पिस्टनला इजा होऊ शकते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत एपीआय एसपी दर्जाचं (इंजिन ऑइलच्या डब्यावर लिहिलेला दर्जा) तेल सांगितलं असेल तर तेच वापरा, तो दर्जा आणताना या त्रासाचाही विचार केलेला आहे.

ऑटोमॅटिकमध्ये लॅगवर किकडाउनचा, म्हणजे पाय दाबल्यावर गिअरबॉक्सने खालचा गिअर टाकण्याचा, उशीर चढतो. एकदा डी (ड्राइव्ह) मध्ये आणि एकदा स्टीअरिंगमागच्या पॅडलने आधीच गिअर उतरवून ६० ते १०० घ्या. दोहोंत अर्ध्या ते एक सेकंदाचा फरक निघाला तर नवल नाही. स्पोर्ट मोडबद्दल मात्र गैरसमज फार. तो सहसा पेडलची चाल आणि गिअर बदलण्याची वेळ बदलतो; पाय पूर्ण दाबलेला असेल तर इंजिनाची ताकद बहुतेक गाड्यांत तेवढीच.

भरलेल्या गाडीचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. पुढे ६० ने जाणारा १२ मीटरचा ट्रक, आधी २० आणि नंतर २० मीटर अंतर, तुमची गाडी साडेचार मीटरची. म्हणजे ट्रकच्या तुलनेत साडेछप्पन्न मीटर कमवायचे. एकट्याने ६० ते १०० ला ६ सेकंद लागत असतील तर ओव्हरटेकला सुमारे ८ सेकंद जातात. ३५० किलो वाढून तेच साडेसात सेकंद झाले आणि वर एक सेकंद लॅग-किकडाउनचा गेला, तर जवळपास १० सेकंद. समोरून ८० ने वाहन येत असेल तर एकट्याला ३७० मीटर मोकळा रस्ता पुरतो, भरलेल्या गाडीला ४४० लागतो. हे काठावरचे आकडे, यात राखीव काहीच नाही. चढावर अंतर आणखी वाढवा: १९०० किलोची गाडी ६ टक्के चढावर ६० ने नुसती टिकवायला १८-१९ किलोवॉट जातात, तेही हवेचा आणि टायरचा विरोध सोडून.

सलग फेऱ्या मारू नका. तिसऱ्या-चौथ्या फेरीला इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा रेडिएटर) तापतो, आत जाणारी हवा गरम होते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीची वेळ मागे घेतो आणि गाडी दमल्यासारखी वाटते. मध्ये ५-७ मिनिटं मध्यम वेगाने चालवा. उभी केली तर बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. ड्राय क्लचच्या (तेलात न बुडालेल्या) ड्युअल क्लच गिअरबॉक्सवर जागेवरून फुल रेसची सुरुवात दोनदापेक्षा जास्त नको.

आकडे आधीपेक्षा घसरले तर साधं ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावा. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, वाचा. समुद्रसपाटीला ते १०० किलोपास्कलच्या आसपास येईल. फुल पायावरच्या आकड्यातून ते वजा केलं की उरतो तो बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब. डिझेलमध्ये आकडा २५५ वर अडकला तर घाबरू नका, ओबीडीच्या त्या जुन्या मोजपट्टीची कमाल मर्यादाच २५५ आहे. आत जाणाऱ्या हवेचं तापमान फुल बूस्टलाही हललं नाही, तर तो सेन्सर टर्बोच्या आधीचा असावा. त्यावरून इंटरकूलरचा निकाल लावता येत नाही.

बूस्ट कमी आणि पी०२९९ (टर्बोचा दाब कमी असल्याचा) कोड आला की थेट टर्बो बदलायला निघू नका. आधी एअर फिल्टर बघा, मग इंटरकूलरच्या दोन्ही टोकांचे रबरी पाइप आणि त्यांचे क्लॅम्प. पाइपात तेलाचा पुसट थर असतोच. पण सांध्याबाहेर ओला, धूळ चिकटलेला डाग दिसला आणि जोर लावताना फुसफुस ऐकू आली तर गळती तिथेच आहे. डिझेल अशा वेळी काळा धूर सोडू शकतं. पाइप ठीक निघाले तर वेस्टगेट किंवा व्हेन (टर्बोतला दाब नियंत्रित करणारी झडप किंवा पाती) हलवणारा अ‍ॅक्च्युएटर अडकतोय का तपासा. पेट्रोल गाडीत बूस्ट बरोबर येऊनही जोराच्या वेळी झटके बसत असतील तर स्पार्क प्लग काढा: दाब वाढला की झिजून रुंद झालेल्या फटीत ठिणगी विझते. नव्या प्लगची फट माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्याशी जुळवूनच बसवा.